बॅरिकेडवरची बाई आणि रिकामं पदक: पॅरिस ते माद्रिद

पहिला दिवस, बुधवार: पॅरिस, लूव्र

युद्ध आणि क्रांतीची चित्रं, आणि त्यांतली रूपकं, बघत जाण्याचा हा सहा दिवसांचा प्रवास बुधवारी सुरू करावा, म्हणजे वार आपोआप जुळतात. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं. बोर्दोचं कलासंग्रहालयही मंगळवारी बंद. माद्रिदमधली दोन महत्त्वाची ठिकाणं सोमवारी बंद असतात, प्रादो संग्रहालय मात्र सोमवारीही चालू. मंगळवारी पॅरिसला उतरलात तर त्या दिवशी फक्त झोप काढावी. व्हिसाचं म्हणाल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. या मार्गावर दोन्ही नियमांनी फ्रान्सच येतं.

लूव्रचं तिकीट वेळेच्या खणासकट आधीच ऑनलाइन काढावं लागतं. जानेवारी २०२६ पासून युरोपाबाहेरून येणाऱ्यांना ३२ युरो पडतात, त्यामुळे एका तिकिटात भरपूर वेळ वसूल करणं शहाणपणाचं. दुपारी ४ नंतरचा खण घ्या. ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. विमानतळावरून थेट चाकाची बॅग ओढत आलेले लोक दारातूनच परत फिरतात.

आत गेल्यावर देनॉन विभाग. लोंढा डावी-उजवी न बघता मोनालिसाकडे चाललेला असतो, त्याच्यात शिरू नये. तळमजल्यावरून मायकेलँजेलो दालन (क्रमांक ४०३) पार करून मोलिएँ जिना चढलात की पहिल्या मजल्यावर ७०० क्रमांकाचं दालन लागतं. गर्दीचा जाच टळतो आणि झेरीको व देलाक्रवा हे दोन फ्रेंच चित्रकार एकाच दालनात भेटतात.

सुरुवात झेरीकोच्या 'मेड्युसाचा तराफा' या चित्रापासून करावी, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आकार ४९१ × ७१६ सेंटिमीटर. जुलै १८१६ मध्ये फ्रेंच जहाज मेड्युसा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. पुन्हा गादीवर आलेल्या बूर्बाँ राजवटीने वशिल्याने नेमलेला कप्तान अनेक वर्षं समुद्रावर गेलेलाच नव्हता. सुमारे १४७ माणसं तराफ्यावर सोडून दिली गेली, १३ दिवसांनी १५ जिवंत सापडली. १८१९ च्या सलाँ प्रदर्शनात चित्राचं नाव नुसतं 'जहाजबुडीचं दृश्य' असं लावलं होतं. जहाजाचं नाव टाळलं, पण बघणाऱ्याला कळायचं ते कळलंच. काटेकोरपणे हे रूपकचित्र नाही: यात देवता नाही, पंख नाहीत, तुतारी नाही. पुढे इतिहासकार मिशले यांनी म्हटलं की त्या तराफ्यावर अख्खा फ्रान्सच चढवलेला आहे. म्हणजे रूपक चित्रकाराने घातलं नाही, काळाने वाचलं.

जवळून बघताना सावल्यांचे भाग बघा. झेरीकोने तिथे डांबरासारखं बिट्युमेन वापरलं. ओलं असताना ते सुंदर, उबदार तपकिरी दिसतं, पण पुरतं कधीच वाळत नाही. वरचा थर आधी आकसतो, खालचा मऊच राहतो, मग सुरकुत्या पडतात आणि रंग काळवंडत जातो. ही काळोखी धुऊन निघणारी नाही. त्यामुळे 'केवढं भीषण अंधारं रंगवलंय' असं वाटलं तर त्यातला थोडा वाटा रसायनाचा आहे हे लक्षात ठेवावं.

आता १८३० च्या पॅरिसमधल्या उठावावरचं देलाक्रवाचं चित्र, 'लोकांचं नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता'. सीएसएमटीच्या घुमटावरची मशालवाली 'प्रगती' डोळ्यांसमोर आणा: अमूर्त कल्पना म्हणजे एक देखणी बाई, हातात एक खूण, उभी राहायला उंच, स्वच्छ जागा. युरोपातली शिष्टसंमत रूपकं अशीच असत. देलाक्रवाने त्या बाईला घुमटावरून खाली ओढून मढ्यांच्या ढिगाऱ्यावर उभं केलं. टोपी प्राचीन रोममधल्या मुक्त गुलामांची, उजव्या हातात फ्रेंच तिरंगा, डाव्या हातात मात्र त्या काळच्या फौजेतली संगिनीची बंदूक. काखेत केस दिसतात. १८३१ च्या टीकाकारांना सर्वांत जास्त खटकलं ते हेच. देवता मळलेली चालत नाही.

आधी पाच-सहा मीटर मागे उभं राहा. चित्र २६० × ३२५ सेंटिमीटर आहे आणि त्रिकोणी रचना त्या अंतरावरून एका नजरेत येते. तराफ्यावरची माणसं आपल्याकडे पाठ करून दूर क्षितिजाकडे चढत जातात, इथली थेट आपल्या अंगावर येतात. दिवसा वरच्या काचछतातून येणारा उजेड वार्निशवर चमकतो. मध्यावर उभं राहिलं तर गडद भाग पांढरे दिसतात, म्हणून दोन पावलं बाजूला सरकावं. संध्याकाळी हा त्रास कमी होतो. ४ नंतरचा खण घ्यायचा तो यासाठीही.

मग जवळ जाऊन खालून वर वाचत जायचं. डावीकडे खाली एक प्रेत आहे: अंगात नुसता सदरा, खालून उघडं, आणि एकाच पायात निळसर मोजा. दुसरा मोजा कुठे गेला हे चित्र सांगत नाही, पण माणसाला अंथरुणातून ओढून मारलं असावं असा तर्क त्यावरून सगळे करतात. त्याच्या वर तलवार घेतलेला कामगार. त्याच्या टोपीवर राजनिष्ठांची पांढरी खूण आणि उदारमतवाद्यांची लाल फीत एकाच वेळी आहेत. त्याच्या शेजारी उंच टोपीवाला बंदूकधारी. उजवीकडे दोन पिस्तुलं नाचवणारा पोरगा. देवतेच्या पायाशी गुडघ्यावर असलेल्या माणसाच्या कपड्यांत निळा, पांढरा, लाल पुन्हा येतात, आणि पार उजवीकडे मागे नोत्र दामच्या मनोऱ्यावर तोच तिरंगा नखाएवढा. हा शेवटचा बघायला ८ पट दाखवणारी छोटी दुर्बीण खिशात असावी. लाकडांवरची सहीही तिनेच सापडते.

सप्टेंबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात चित्राची सफाई झाली आणि २ मे २०२४ ला ते पुन्हा भिंतीवर आलं. पिवळ्या पडलेल्या वार्निशचे आठ थर निघाले. सर्वांत मोठा धक्का तिच्या पोशाखाचा: सगळ्यांना माहीत असलेला एकसारखा पिवळा रंग १९४९ च्या डागडुजीतला निघाला. मुळात कापड फिकट राखाडी-पांढरं, त्यावर सोनेरी पिवळ्याचे फटकारे. डावीकडे खाली फरसबंदीच्या दगडांत हरवलेला एक जुना जोडाही वर आला. घरी जुनं कॅलेंडर किंवा पुस्तक असेल तर त्यातल्या चित्राचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि समोर धरून ताडून बघा. पुस्तकांतली बरीच वर्णनं आता कालबाह्य झाली आहेत.

दुसरा दिवस, गुरुवार: १८३० चं पॅरिस

जुलै १८३० च्या २७, २८ आणि २९ या तीन दिवसांच्या उठावात फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सची गादी गेली. देलाक्रवा बॅरिकेडवर, म्हणजे बंडखोरांनी रस्त्यात रचलेल्या अडथळ्यावर, चढला नव्हता. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने सरळ म्हटलं की देशासाठी लढलो नाही तर निदान त्याच्यासाठी चित्र तरी काढीन. चित्र ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये झालं.

बऱ्याच जणांना त्या बॅरिकेडची 'खरी जागा' शोधायची हौस असते. शोधू नका. चित्रातल्या नोत्र दामची दिशा नकाशाशी जुळत नाही आणि मधली घरं कल्पनेतली आहेत. त्यापेक्षा बास्तीय चौकातला जुलै स्तंभ गाठा, मेट्रो थेट तिथे जाते. तीन दिवसांत मेलेल्या ५०४ जणांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत आहेत, वर सोन्याच्या मुलाम्याची पंख असलेली स्वातंत्र्याची मूर्ती, उद्घाटन १८४०. सरकारला पचेल असं रूपक कसं असतं ते इथे दिसतं: चकचकीत, एकटं, पन्नास मीटरवर. मेलेल्यांची हाडं खाली तळघरात आणि तिथे फक्त मार्गदर्शकासोबत आधी नोंदणी करून जाता येतं.

चित्राचं काय झालं? नवा राजा लुई-फिलिपच्या सरकारने ते ३,००० फ्रँकला विकत घेतलं, लक्झेंबर्ग संग्रहालयात थोडा काळ लावलं आणि उतरवलं. जून १८३२ मध्ये पॅरिसात पुन्हा बॅरिकेड उभे राहिले, तेव्हा असलं चित्र टांगून ठेवणं राजाला परवडणारं नव्हतं. पुढे ते चित्रकाराकडे परत गेलं, त्याच्या मावशीच्या घरी पडून राहिलं, १८४८ च्या क्रांतीत पुन्हा थोडं बाहेर आलं आणि लूव्रमध्ये पोहोचलं ते १८७४ मध्ये, देलाक्रवा जाऊन अकरा वर्षं झाल्यावर.

दुपारी फ्युर्स्तेंबेर चौकातलं त्याचं शेवटचं घर बघता येईल (मंगळवारी बंद). तिथून दहा मिनिटांवर सँ सुल्पीस चर्चमध्ये त्याची भित्तिचित्रं आहेत, प्रवेश मोफत. युद्धाशी त्यांचा संबंध नाही. पाय दुखत असतील तर वगळा.

तिसरा दिवस, शुक्रवार: बोर्दो

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने बोर्दो सँ-जाँ गाठायला सुमारे दोन तास लागतात. तिकीट महिनाभर आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. स्थानकातून ट्रामने ओतेल द व्हिल थांबा गाठा. कलासंग्रहालय नगरपालिकेच्या बागेच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या इमारतींत आहे आणि सकाळी ११ ला उघडतं. एकोणिसावं शतक उत्तरेच्या इमारतीत. दक्षिणेची बघून 'देलाक्रवा सापडला नाही' म्हणत परतणारे बरेच असतात.

इथलं 'मिसोलोंगीच्या अवशेषांवर ग्रीस' (१८२६) हे स्वातंत्र्यदेवतेचं आधीचं रूप. आकार सुमारे २०९ × १४७, म्हणजे देवता जवळजवळ माणसाच्या मापाची. मिसोलोंगी हे ग्रीक गाव वर्षभराच्या वेढ्यानंतर एप्रिल १८२६ मध्ये ऑटोमन आणि इजिप्शियन फौजांच्या हाती पडलं. कवी बायरन दोन वर्षं आधी तिथेच तापाने वारला होता, त्यामुळे गावाचं नाव युरोपभर ठाऊक होतं. त्याच वर्षी पॅरिसात ग्रीकांच्या मदतीसाठी प्रदर्शन भरलं, त्यात हे चित्र होतं. थोडक्यात, हे निधी गोळा करणारं चित्र आहे आणि त्या दृष्टीनेच ते वाचावं.

ती ग्रीक पोशाखात, फुटक्या दगडांवर गुडघा टेकून बसली आहे, छाती उघडी, दोन्ही हात खाली पसरून तळवे आपल्याकडे केलेले. लढत नाही, विनवत नाही, दाखवते. दाखवते काय ते खाली बघितल्यावर कळतं: दगडांखाली चिरडलेल्या माणसाचा नुसता हात बाहेर आलेला आहे आणि कडेच्या दगडावर रक्त आहे. या दोन गोष्टी काढून टाका, उरेल ते कुठल्याही सरकारी सभागृहात शोभेल असं चित्र. मागे पगडी बांधलेला कृष्णवर्णीय सैनिक निशाण रोवून उभा आहे. तो माणूस नाही, ठसा आहे. ग्रीसला देह मिळाला, शत्रूला नुसती वेशभूषा. हा या चित्राचा खरा दुबळेपणा आणि त्या काळच्या फ्रेंच सहानुभूतीचाही.

त्याच संग्रहालयात देलाक्रवाच्या 'सिंहांच्या शिकारी'चा उरलेला भाग आहे. १८७० च्या आगीत वरचा पट्टा जळाला. चित्राला डोकं का नाही असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर तेवढंच.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत शार्त्रझ दफनभूमी. देलाक्रवाचे वडील या जिल्ह्याचे प्रीफेक्ट, म्हणजे सरकारी प्रशासक, होते, १८०५ मध्ये इथेच वारले, त्यांची कबर इथे आहे. आणि इथेच १८२८ मध्ये स्पॅनिश चित्रकार गोयाला पुरलं होतं. स्पेनचा राजा फर्डिनांडच्या दडपशाहीला कंटाळून म्हातारपणी तो बोर्दोला येऊन राहिला. १८८८ मध्ये अवशेष उकरले तेव्हा कवटी नव्हती. ती आजतागायत सापडलेली नाही. बाकीचा गोया माद्रिदला नेला, इथे स्मारक राहिलं. फाटकावरच्या नकाशाचा फोटो काढून घ्या, जागा मोठी आहे.

चौथा दिवस, शनिवार: सीमा ओलांडताना

बोर्दोहून माद्रिदला थेट रेल्वे नाही. जुन्या स्पॅनिश रुळांमधलं अंतर १,६६८ मिलिमीटर, फ्रेंच १,४३५, त्यामुळे गाडी सीमेवर बदलावीच लागते. क्रम असा: टीजीव्हीने सीमेवरचं आँदाय (सुमारे अडीच तास), स्थानकाला लागूनच असलेल्या युस्कोत्रेन स्थानकातून लोकलने सान सेबास्तियान (चाळीसेक मिनिटं), तिथून माद्रिदची रेल्वे किंवा बस (पाच-सहा तास). लोकलचं तिकीट यंत्रातून काढायचं, टीजीव्हीच्या तिकिटात ते येत नाही. मधल्या बदलाला किमान दीड तास ठेवा. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको, लोकलमध्ये पोलीस विचारू शकतात. हे सगळं नको असेल तर विमानाने तासाभराचं काम आहे.

पण रेल्वेने बायोन लागतं आणि ते चुकवू नये, निदान खिडकीतून तरी. मे १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा चौथा कार्लोस आणि त्याचा मुलगा फर्डिनांड या दोघांकडून इथेच राजत्याग लिहून घेतला आणि भाऊ जोसेफला स्पेनची गादी दिली. राजघराण्यातल्या धाकट्या राजपुत्रालाही बायोनला नेताहेत हे कळल्यावर २ मे रोजी माद्रिदच्या राजवाड्यासमोर लोक जमले आणि उठाव पेटला. प्रादोमधली गोयाची '२ मे' आणि '३ मे' ही दोन्ही चित्रं इथून निघतात.

पाचवा दिवस, रविवार: माद्रिद, पदकाची गोष्ट

सकाळी १० ला फुएनकार्राल रस्त्यावरचं माद्रिद इतिहास संग्रहालय. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. पर्यटक फारसे फिरकत नाहीत आणि या प्रवासातली सर्वांत बोलकी वस्तू इथे आहे: गोयाचं 'माद्रिद नगरीचं रूपक', १८१०, २६० × १९५ सेंटिमीटर. पांढऱ्या वस्त्रातली मुकुटधारी नगरी, जवळ अस्वल आणि झाड असलेली शहराची ढाल, पायाशी इमानी कुत्रा, वर तुतारी फुंकणारी कीर्ती, आणि देवदूतांनी धरलेलं एक पदक. सगळं अगदी नियमाबरहुकूम.

नगरपालिकेने हे जोसेफ बोनापार्टच्या गौरवासाठी मागवलं. पदकात जोसेफचा चेहरा होता, तोही छापील चित्रावरून घेतलेला. १८१२ मध्ये फ्रेंच शहर सोडून गेले, चेहरा बुजवून 'संविधान' लिहिलं. काही महिन्यांत फ्रेंच परतले, पुन्हा जोसेफ. ते कायमचे गेले, पुन्हा 'संविधान'. १८१४ मध्ये संविधान रद्द करणारा फर्डिनांड आला, मग त्याचा चेहरा. पुढे पुन्हा संविधानाचा ग्रंथ. अखेर १८७२ मध्ये पाल्मारोली या चित्रकाराने 'दोस द मायो', म्हणजे २ मे, अशी अक्षरं घातली. ती आजही आहेत. फ्रेंच राजासाठी काढलेलं चित्र फ्रेंचांविरुद्धच्या उठावाचं स्मारक झालं आणि कुत्र्यापासून तुतारीपर्यंत बाकी काहीच बदलावं लागलं नाही.

लूव्रमधली बाई सरकारला अशी बदलता आली नाही. तिच्याभोवती मोजा, पिस्तूल, दगड इतके घट्ट बांधलेले होते की एकच उपाय उरला: चित्र उतरवून ठेवणं.

तिथून आठ-दहा मिनिटांवर दोस द मायो चौक. २ मेच्या उठावात जिथे लढाई झाली त्या माँतेलेओन तोफखान्याची उरलेली कमान तिथे उभी आहे. लगेच निघून अल्काला रस्त्यावरची सान फर्नांदो अकादमी दुपारी ३ च्या आत गाठायची, सोमवारी तीही बंद. गोयाच्या 'युद्धाचे अनर्थ' या छापचित्रांच्या मालिकेचे तांब्याचे कोरीव पत्रे या अकादमीकडे आहेत. युद्धकाळात तांबं मिळेना, म्हणून त्याने आधीच्या दोन निसर्गदृश्यांचे पत्रे अर्धे कापून वापरले. मालिकेचा बहुतेक भाग डोळ्यांसमोरची कत्तल आणि उपासमार आहे, शेवटी मात्र तो रूपकाकडे वळतो: ७९ व्या चित्रात सत्य नावाची बाई मरून पडली आहे आणि पाद्री तिला पुरताहेत, ८० व्यात प्रश्न, ती पुन्हा उठेल का? हे छापण्याची सोय त्याच्या हयातीत नव्हती. अकादमीने मालिका काढली १८६३ मध्ये.

संध्याकाळी देबोद मंदिराची टेकडी. उठावात पकडलेल्यांना फ्रेंचांनी ३ मेच्या पहाटे गोळ्या घातल्या ती प्रिन्सिपे पिओ टेकडी हीच. लोक सूर्यास्त बघायला आलेले असतात.

सहावा दिवस, सोमवार: प्रादो

तिकीट १५ युरो. शेवटचे दोन तास मोफत असतात (सोमवार ते शनिवार ६ ते ८), पण रांगेतच पाऊण तास जातो आणि गोयासमोर उभं राहायला जागा मिळत नाही. सकाळी १० ला आत शिरा, तळमजल्यावर ६४ आणि ६५ ही दालनं गाठा.

'२ मे' आणि '३ मे', दोन्ही १८१४ ची, प्रत्येकी सुमारे २६८ × ३४७. म्हणजे लूव्रमधल्या देवतेएवढीच, पण इथे देवता नाही. आधी '२ मे': पुएर्ता देल सोल चौकात फ्रेंच फौजेतल्या मामलुक घोडेस्वारांवर सुऱ्या घेऊन तुटून पडलेले लोक. नायक शोधू नका, चित्रात तो ठेवलेलाच नाही. डावीकडचा भाग नीट बघा. यादवी युद्धात १९३८ मध्ये चित्रं ट्रकने हलवताना बेनिकार्लो गावात एका घराचा सज्जा त्यांच्यावर कोसळला आणि या चित्राचे तुकडे गेले. १९४१ मध्ये तिथे नुसता तांबूस रंग भरला होता. २००८ मध्ये जुन्या छायाचित्रांवरून तो भाग पुन्हा रंगवला.

'३ मे' मध्ये उजेडाची एकच जागा: जमिनीवर ठेवलेला चौकोनी कंदील. सैनिक पाठमोरे, चेहरे नाहीत. समोर पांढऱ्या सदऱ्यातला माणूस हात पसरून गुडघ्यांवर आहे. तो उभा राहिला तर गोळ्या घालणाऱ्यांपेक्षा उंच ठरेल, गोयाने माप मुद्दाम बिघडवलं आहे. त्याच्या उजव्या तळव्यावर एक खळगा दिसतो, ख्रिस्ताच्या खिळ्याची खूण. रूपक तेवढंच, एका रुपयाच्या नाण्याहून लहान. चित्र उंचावर असल्याने नुसत्या डोळ्यांनी ती डागासारखी वाटते, दुर्बीण इथे पुन्हा काढा. खाली रक्ताचं थारोळं जाड रंग ओढून, खरवडून केलेलं आहे. चित्राच्या छापील प्रतीत हा पोत मरतो.

'महाकाय' मात्र पाटीसकट बघायचं: पळणाऱ्या गर्दीमागे डोंगरापलीकडून उठलेला राक्षसी देह, युद्धाचं रूपक म्हणून अनेक दशकं गाजलेला. २००९ मध्ये प्रादोनेच ते गोयाच्या अनुयायाचं ठरवलं, २०२१ मध्ये पाटी पुन्हा बदलून 'गोयाचं मानलं जाणारं' अशी केली. रंगकाम बघितलं तर आधीचा संशय अगदीच निराधार वाटत नाही.

६७ क्रमांकाच्या दालनात गोयाची 'काळी चित्रं' आहेत. ती शेवटी ठेवा, त्यांच्यानंतर दुसरं काही बघवत नाही. प्रादोमध्ये फोटो काढायला बंदी आहे आणि पहारेकरी ती कडकपणे पाळतात. तळव्याची खूण किंवा कंदील नंतर पुन्हा बघायचा असेल तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ही चित्रं मोठी करून बघता येतात.